शिळं पाणी

आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत असंच आहे, त्यामुळे आताशा त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही. घराला पाण्याचे वार पाठ असतात. त्या दिवशी सासूबाई पहाटे साडेपाचला उठून मोरीपाशी उभ्या राहतात. नळाला आधी वारा येतो, मग तो दोन-चारदा खोकतो, आणि मग धार लागते. ‘आलं गं!’ अशी हाक घरभर जाते. तांब्याचा हंडा, दोन कळशा, तीन बादल्या, निळं पिंप, सगळं पुन्हा नव्याने भरायचं. पण भरायच्या आधी ते रिकामं करावं लागतं, कारण त्यातलं परवाचं पाणी आता शिळं झालेलं असतं. शिळं पाणी प्यायचं नाही, आणि मोरीत ओतणंही सासूबाईंच्या धर्मात बसत नाही. ते झाडांना जातं.

माझ्या खिडकीतली अकरा झाडं या शेवटच्या वाक्यापायी गेली.

सुरुवात झाली ती एका मुंजीत. पूर्वी मुंजीहून निघताना हातात स्टीलची वाटी पडायची, आता रिटर्न गिफ्ट पडतं. रामबागेतल्या त्या मुंजीत प्रत्येक बाईला चहाच्या कपाएवढी कुंडी मिळाली आणि तिच्यात राखाडी-जांभळट, गुबगुबीत पानांचं एक फुलासारखं झाड. मी आधी ते प्लॅस्टिकचं समजले. शेजारच्या काकू तर घरी पोचेपर्यंत तसंच समजत होत्या. त्याला सक्युलंट म्हणतात हे मुलीने फोनवर सांगितलं. मराठीत त्याला मांसल वनस्पती म्हणतात म्हणे, पण तो शब्द ऐकला की मला खाटकाचं दुकान आठवतं, म्हणून मी आपली सक्युलंटच म्हणते. तसं पाहिलं तर ही मंडळी आपल्याला नवीन नाहीत. कोरफड, घायपात, निवडुंग, पानफुटी, एवढंच काय, पावसाळ्यात आपण जिची भाजी करतो ती घोळ, सगळी याच वळणाची. पानात किंवा खोडात पाणी साठवून ठेवणारी.

आमची स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. तिला खाली कोटा दगडाची रुंद फरशी, बाहेरून गज. सकाळी उजाडल्यापासून साडेदहापर्यंत ऊन थेट आत येतं, मग समोरच्यांच्या गच्चीआड जातं. पूर्वी तिथे मीठ-मोहरीच्या बरण्या असत. मुंजीतलं झाड ठेवायला मी एक बरणी सरकवली. आता बरण्या फडताळात आहेत आणि खिडकीत एकोणीस कुंड्या. हे रोज चहा घेताना मोजतात आणि एक वाढली की गप्प बसून माझ्याकडे बघतात.

ते पहिलं झाड मी मारलं. त्यात सासूबाईंचा काही दोष नाही. मी त्याला प्रेमाने मोठ्या कुंडीत हलवलं आणि अंगणातली माती घातली. माळव्याची माती! ‘मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ असं इकडे लहानपणापासून कानावर पडतं. पावलोपावली पाणी असलेली ही काळी माती गव्हा-सोयाबीनला अमृत असेल, पण तिचं पाणी धरायचं कौतुक सक्युलंटच्या मुळावर येतं. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि सोडायला तयार नसते. उन्हाळ्यात आटली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे अंगणात तिला भेगा, आणि कुंडीत आठ दिवस नुसता चिखल. मी त्यात वर घरचं कंपोस्टही घातलं होतं. इंदूरच्या बाईने कंपोस्ट घालू नये तर काय करावं? अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इथेच होते. १९२४ साली इथे निघालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत त्यांनी पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून खत करायची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आता तर घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करणारं शहर म्हणून आमची कॉलर ताठ असते. पण मेक्सिकोतल्या कपारीत मूठभर खडीवर वाढणाऱ्या झाडाला हे पंचपक्वान्न झेपलं नाही. पानं एकेक करून उकडलेल्या कांद्यासारखी पारदर्शक झाली आणि हात लावला की गळाली. देठापाशी काळं पडलं होतं.

नर्सरीवाल्या भैयाने माझी कुंडी उलटी करून वास घेतला. ‘दीदी, ये तो दलदल है,’ म्हणाला. त्यानेच मला मिश्रण शिकवलं. दोन वाट्या जाड रेती, एक वाटी विटेचा चुरा, एक वाटी माती, खत चिमूटभर. त्याच्याकडे परलाईटही मिळतं, पण ते पांढरे दाणे कुंडीत थर्मोकोल चुरगाळल्यासारखे दिसतात आणि मला आवडत नाहीत. विटेचा चुरा मी स्वतः करते, गल्लीत कुणाचं ना कुणाचं बांधकाम सुरूच असतं. पाणी कधी द्यायचं, तर ढोकळा झाला का बघायला सुरी खुपसतो तशी बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची. कोरडी निघाली की आणखी दोन-तीन दिवस थांबायचं. खालची पानं किंचित सुरकुतली, बोटांत धरल्यावर नरम लागली, की मग भरपूर द्यायचं, खालच्या भोकातून वाहीपर्यंत. हे ‘आणखी दोन-तीन दिवस’ फार जड जातं हो. वाट्टेल ते करून हात तांब्याकडे वळतो.

सासूबाईंचा हात तर वळतोच, आणि त्यांना अडवायला माझी जीभ वळत नाही. त्यांचं माहेर देवासचं. लग्न होऊन १९७१ साली त्या इंदुरात आल्या तेव्हा नर्मदा इथे आलेली नव्हती. ती आणावी म्हणून आदल्याच वर्षी शहरात मोठं आंदोलन झालं होतं. यशवंत सागर आणि बिलावली हे तलाव, गल्लीतली विहीर आणि रात्री दोनला दोन बोटं येणारा नळ, यांवर नवीन सून म्हणून त्यांनी अकरा माणसांचं पाणी भरलं. १९७८ मध्ये जलूदहून, मंडलेश्वरजवळून, सत्तर किलोमीटरवरून घाट चढवून नर्मदा शहरात आली, तेव्हा घरातल्या नळाला हळदकुंकू वाहिल्याचं त्या अजून सांगतात. पुढे देवासला आगगाडीने पाणी न्यायची वेळ आली तेव्हा भाऊ चिठ्ठीत पिकापाण्याऐवजी नुसतं पाण्याचंच लिहायचा. अशा बाईला, तहानलेल्या झाडाला पाणी द्यायचं नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? एकदा सांगून पाहिलं. ‘तहानलेल्याला पाणी द्यायचं नाही? हे कुठलं शास्त्र गं तुमचं?’ म्हणाल्या. आणि परवाचं पाणी तांब्याने मोजून, प्रत्येक कुंडीला सारखं, पंगतीत वाढावं तसं वाढून गेल्या. कुणावर अन्याय नाही.

शास्त्र खरं म्हणजे मलाही कुठे माहीत होतं! ते कळलं पानफुटीमुळे. अंगणात तुळशीच्या मागे पानफुटीचं रान आहे. बेंजामिन हायने नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे होता. त्याने १८१३ साली एका पत्रात लिहून कळवलं, की हिंदुस्थानात एक झाड आहे, त्याचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी कडवट लागतं. दोनशे वर्षांपूर्वी एक गोरा माणूस दिवसातून तीनदा पानफुटी चावत बसला होता, हे चित्रच मला इतकं आवडलं की मीही करून पाहिलं. सकाळी सहाला एका पानाची कड दातांखाली धरली. चक्क आंबट, कच्च्या कैरीच्या सालीसारखी. दुपारी तीनला त्याच फांदीवरचं पान चावलं, तर नुसता गवताळ पाणचटपणा. (दोन्ही वेळा थुंकून चूळ भरली. पानफुटी खायची वस्तू नाही, गुरांना ती चांगलीच बाधते.) सासूबाई जपमाळ घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्या दिवशी मला जेवायला जरा आग्रह जास्त झाला.

कारण असं, की बाकीची झाडं दिवसा पानांची सूक्ष्म तोंडं उघडून हवा घेतात, आणि तोंड उघडलं की पाणी उडून जातं. ही झाडं दिवसा तोंड घट्ट मिटून बसतात. रात्री, गारवा पडल्यावर, ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याचं मॅलिक आम्ल करून पानातल्या पेशींत साठवून ठेवतात. हिरव्या सफरचंदाची आंबट चव असते ना, तेच हे आम्ल. दिवस उजाडला की दारं बंद, आणि रात्रीच्या साठ्यातून एकेक काढून उन्हावर अन्न शिजवायचं. म्हणून सकाळी पान आंबट, साठा संपेल तसं दुपारी बेचव. वाढ हळू होते, पण पाणी वाचतं.

इंदूरकराला हे समजावायला जास्त वेळ लागू नये. आमचा सराफा आणखी काय करतो? दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री त्यांची शटरं खाली आली की त्याच ओट्यांवर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, रात्री बारालाही उभं राहायला जागा नसते. खरा श्वास रात्रीचाच. आणि माळव्याची रात्र गार पडते. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र नावाजलेली, ते उगीच नाही. शहर साडेपाचशे मीटरांवर बसलंय. दिवस एप्रिलात कितीही तापला तरी रात्री वारा सुटतो. या झाडांचा व्यवहार रात्र गार असेल तरच नीट चालतो, त्यामुळे मुंबईच्या बहिणीची सक्युलंट रडतात आणि माझी, बुडवून मारली नाहीत तर, खुशाल असतात. बहिणीवर कुरघोडी करायच्या जागा आयुष्यात कमीच येतात, ही मी सोडत नाही.

सराफ्यातच मी भिंगही घेतलं, जवाहिरे डोळ्याला लावतात तसलं दहापट दाखवणारं. दुकानदाराने विचारलं, ‘हीरे देखने हैं, दीदी?’ मी म्हटलं, पत्ते. त्याने पैसे घेतले आणि पुढे काही बोलला नाही.

भिंगाखाली खिडकी बदलली. ज्या पानांवर नुसती राख फासल्यासारखं वाटायचं, ती राख म्हणजे मेणाची भुकटी आहे हे दिसलं. उन्हापासून वाचायला झाडाने स्वतःच लावलेली. ती एकदा पुसली की त्या पानावर पुन्हा तितकीशी येत नाही. पिठ्या ढेकूण दिसले, दोन पानांच्या बगलेत कापूस पिंजून बसलेले, अंगाला मैदा फासून. कानातल्या कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेकाला टिपायचं, पावसाळ्यात दर आठवड्याला. आणि हॉवर्थिया दिसली. बाहेरून पाहिलं तर ती काहीच नाही, करंगळीच्या पेरांएवढ्या जाड पानांचा हिरवा घोस. पण प्रत्येक पानाचं टोक काचेसारखं आरपार. दक्षिण आफ्रिकेत ती जवळजवळ अख्खी मातीत गाडून घेते, फक्त ही टोकं वर ठेवते. ऊन त्या काचेतून आत उतरतं आणि आतल्या हिरव्या भिंतींना मिळतं. शास्त्रज्ञ त्या टोकांना खिडक्याच म्हणतात. सकाळी सातला तिरप्या उन्हात भिंग धरलं, की हिरव्या रेषांच्या मधल्या जागेत उजेड साचलेला दिसतो. माझ्या दुधाचा बळी दोनदा त्यात गेला आहे.

मुंजीतल्या त्या राखाडी झाडाचं दुसरं रोप मी नंतर आणलं. त्याचं शास्त्रीय नाव ग्रॅप्टोपेटलम पॅराग्वायेन्स, म्हणजे पॅराग्वेचं. मूळ मात्र मेक्सिकोचं. १९०४ साली निवडुंगांच्या कुठल्याशा मालाबरोबर ते न्यूयॉर्कला पोचलं, कुणाला तरी वाटलं दक्षिण अमेरिकेतून आलंय, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. मला या झाडाबद्दल जरा आपलेपणा आहे. पुण्यात लग्नाकार्याला गेलं की ‘तुम्ही इंदूरचे ना, मराठी छान बोलता हो!’ असं आम्हालाही ऐकावं लागतं. दोनशे वर्षं ज्या गावात राहिलो त्याचं नाव लागलंय, आणि जिथून आलो तिथले कौतुक करतात.

पण सगळ्यात मोठं प्रकरण दगडांचं. लिथॉप्स नावाचं एक झाड असतं. दोनच पानं, ती एकमेकांना चिकटलेली, मधे एक चीर. रंग, ठिपके, सगळं आजूबाजूच्या गारगोट्यांसारखं. १८११ साली बर्चेल नावाच्या प्रवाशाने दक्षिण आफ्रिकेत विचित्र खडा दिसला म्हणून उचलला, तर ते झाड निघालं. मी दोन मागवले, जानेवारीत. या झाडाची रीत अशी की वर्षातून एकदा चिरेतून नवीन जोडी डोकावते आणि जुन्या जोडीतलं सगळं पाणी पिऊन मोठी होते. जुनी पानं सुकत सुकत कागद होतात. एवढ्या दिवसांत वरून थेंब पडता कामा नये, नाहीतर जुनी पानं पुन्हा फुगतात आणि नवीन आत अडकते. मी चिठ्ठी लावली, ‘पाणी नाही’. सासूबाईंच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, चिठ्ठी कुठली दिसणार! सुकत चाललेली पानं मात्र त्यांच्या बोटांना कळली. ‘अगं, याचा जीव चाललाय,’ असं पुटपुटत त्यांनी शिळ्या पाण्याचे दोन तांबे एकट्या त्या कुंडीत घातले. तिसऱ्या दिवशी दगडांचा शेंबूड झाला.

मी त्या दिवशी बोलले. फार नाही, पण बोलले. त्या काही म्हणाल्या नाहीत. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्यांनी शिळं पाणी मोरीत ओतलं, माझ्यासमोर, सावकाश. तो आवाज मला सहन झाला नाही.

मग तह झाला. परसात मोरीच्या तोंडाशी मी अळू लावला. अळूला किती पाणी घाला, त्याचं पोट भरत नाही. आता शिळं पाणी सगळं तिकडे जातं आणि आम्ही आठवड्याला एकदा अळूवडी खातो. हे वैतागले आहेत, पण तहात त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खिडकीत मात्र सासूबाईंची एक खूण राहिली आहे. मोतीबिंदूच्या दिवसांत त्या येता-जाता कुंड्या चाचपून बघायच्या. राखाडी झाडाच्या एका पानावर त्यांचा अंगठा उमटला. मेण पुसलं गेलं आणि खालचा हिरवा रंग अंगठ्याच्या आकारात उघडा पडला. भिंगातून बघितलं तर कडेला दोन-तीन रेषाही दिसतात. नवीन पानं मधून येतात तसं ते पान हळूहळू बाहेरच्या रांगेत सरकलंय.

तिथलीच दोन पानं धक्का लागून गळाली होती, ती मी बशीत रेतीवर नुसती टाकून ठेवली. पंधरा-वीस दिवस काही नाही. मग तुटल्या टोकाला गुलाबी केसासारखी मुळं फुटली, हवेतच, माती शोधत. नंतर तांदळाच्या कणीएवढा गुच्छ, त्यात मोजून पाच पानं. मूळ पान मात्र रोज जरा जास्त सुरकुततं. मी बशीला हात लावत नाही. लावावासा वाटतो.

यंदा फेब्रुवारीत सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला आणि जड उचलायला महिनाभर मनाई केली. म्हणजे हंडा बंद. पन्नास वर्षांत पहिल्यांदा पाण्याच्या दिवशी त्यांच्या हाताला काम नव्हतं. साडेपाचला उठून त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसत, मी पाणी कसं भरते त्यावर देखरेख करायला. एक दिवस पाणी यायला उशीर झाला. ऊन खिडकीत आलं होतं. वेळ जावा म्हणून मी हॉवर्थियाची कुंडी त्यांच्या हातात दिली आणि भिंग डोळ्याशी कसं धरायचं ते दाखवलं.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘आत काच आहे गं. काचेच्या आत काहीतरी चमकतंय.’

‘पाणी आहे आई.’

‘कुठून आलं?’

‘त्याचंच. साठवलेलं.’

‘परवाचं?’

‘परवाचं कसलं, महिना झाला असेल पाणी देऊन.’

त्यांनी भिंग खाली घेतलं, पदराने पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं. ‘आणि शिळं नाही होत?’

मी काय सांगावं याचा विचार करत होते, तेवढ्यात मोरीतल्या नळाला वारा आला. तो दोनदा खोकला. सासूबाई सवयीने खुर्चीतून अर्ध्या उठल्या, मग डॉक्टरांचं आठवून पुन्हा बसल्या. कुंडी मांडीवरच होती.

‘जा,’ म्हणाल्या. ‘आधी हंडा रिकामा कर.’